हलत्या एसव्हीजीची गिफ करायला पपेटियर, गिफस्की आणि एफएफएमपेग: वापरून झाल्यावरचं मत

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. हलणाऱ्या एसव्हीजीची (म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा-आकारांच्या वर्णनाने साठवलेल्या चित्राची) गिफ करायची असेल तर क्रोमला स्क्रिप्टमधून चालवणारं पपेटियर घ्या, आणि निघालेल्या फ्रेम जोडायला गिफस्की किंवा एफएफएमपेग घ्या, बाकीच्या भानगडीत पडू नका. तिन्ही फुकट आहेत, आणि एकदा स्क्रिप्ट नीट बसली की पुढे फक्त फाइलचं नाव द्यायचं, गिफ तयार. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कुठे कापला ते फॉन्टच्या भागात सांगते.

मी शाळांसाठी विज्ञानाच्या हलत्या आकृत्या काढते, चार स्ट्रोकचं इंजिन, हृदयाचे ठोके, ठिबक सिंचनात पाणी कसं फिरतं वगैरे. आणि हे सगळं एसव्हीजीतच काढते कारण फाइल काही केबीची असते, कितीही मोठी करा रेघ फाटत नाही, नोटपॅडमध्ये उघडून लेबल बदललं की झालं, मराठीचं इंग्रजी करायलाही दोन मिनिटं पुरतात. ब्राउझरमध्ये एकदम मस्त चालतं. पण शिक्षकांना ते हवं असतं पीपीटीत, नाहीतर वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, नाहीतर मेलमध्ये, आणि तिथे सगळी गंमत जाते. पॉवरपॉइंट एसव्हीजी घेतं पण स्थिर चित्र म्हणून, आतली हालचाल बंद. जीमेल मेलच्या आत एसव्हीजी दाखवतच नाही. व्हॉट्सअॅप ते चित्र म्हणून धरत नाही. म्हणजे शेवटी पिक्सेलवालं हलतं चित्र द्यावंच लागतं, आणि १९८७ साली कॉम्प्युसर्व्हने काढलेली गिफ आजही जवळपास सगळीकडे चालते. एक अपवाद लक्षात ठेवा, विंडोजवरचं जुनं आउटलुक गिफची फक्त पहिली फ्रेम दाखवतं, त्यामुळे मेलसाठी करत असाल तर पहिल्या फ्रेममध्येच आकृती समजेल अशी ठेवा.

आता बहुतेक जण पहिल्यांदा कशाकडे धावतात तर इमेजमॅजिककडे, कारण ते फाइलचं एक्स्टेंशन बदललं की रूपांतर करून देतं ही त्याची ख्याती. पण इथे ते एकच फ्रेम देतं. इंकस्केपच्या एक्स्पोर्टचंही तेच, आरएसव्हीजी-कन्व्हर्टचंही तेच, पायथनवाल्या कैरोएसव्हीजीचंही तेच. हा त्यांचा दोष मी मानत नाही, कारण ही सगळी टूल्स स्थिर चित्र काढायला बनवलेली आहेत, त्यांच्यात वेळ नावाची गोष्टच नाही. एसव्हीजीमधला अॅनिमेट, अॅनिमेटट्रान्सफॉर्म, अॅनिमेटमोशन हा जो स्माइल नावाचा भाग आहे तो नीट समजणारं इंजिन म्हणजे ब्राउझर, आणि सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं, कीफ्रेम अॅनिमेशन तर ब्राउझरचीच मिरासदारी. म्हणून ब्राउझरशिवाय हे काम करायचा विचार सोडून द्या असं मी सरळ सांगते. (२०१५ मध्ये क्रोमवाल्यांनी स्माइल काढून टाकायचा मानस जाहीर केला होता, पुढच्या वर्षी तो थांबवला, आणि आज ते व्यवस्थित चालतं, त्यामुळे स्माइलमध्ये काम करायला घाबरू नका.)

दुसरा मार्ग लोक घेतात तो स्क्रीन रेकॉर्डिंगचा. आकृती ब्राउझरमध्ये लावायची, रेकॉर्डर चालू करायचा, मग व्हिडिओची गिफ करायची. घरगुती कामाला चालेल पण आकृतीसाठी मला ते अजिबात पटत नाही. रेकॉर्डर त्या क्षणी पडद्यावर जे असेल ते पकडतो, मशीन जरा दमलं की मधल्या फ्रेम गळतात, लूपचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक हाताने जुळवत बसावं लागतं आणि ते कधीच नीट जुळत नाही, चाक दर फेरीला एक हिसका खातं. शिवाय बहुतेक रेकॉर्डर ४:२:० प्रकारे रंग साठवतात, म्हणजे रंगाची माहिती उभी-आडवी दोन्हीकडे निम्मी होते, त्यामुळे पांढऱ्यावरची बारीक लाल रेघ फिसकटते. हृदयाच्या आकृतीत रोहिणी आणि नीला लाल-निळ्या बारीक रेघांनीच दाखवायच्या असतात, तिथेच ती अस्पष्ट झाली तर मुलांनी बघायचं काय. ऑनलाइन कन्व्हर्टरही बघितले, त्यातल्या एकाने मराठी लेबलांची जोडाक्षरं तोडून ठेवली होती, मग तो नाद सोडला.

तर पपेटियर. हे गूगलच्या क्रोम टीमने २०१७ मध्ये आणलेलं नोडचं (ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचं) पॅकेज, इन्स्टॉल करताना स्वतःच एक क्रोम उतरवून घेतं, त्यामुळे पहिल्यांदा डाउनलोड बरंच मोठं होतं, मोबाइल डेटावर करू नका. पडद्यावर खिडकी न उघडता क्रोम मागे चालतं आणि आपली स्क्रिप्ट त्याला सांगते हे पान उघड, इथे जा, फोटो काढ. पण नुसतं दर ४० मिलिसेकंदांनी फोटो काढ असं सांगितलं तर ते परत स्क्रीन रेकॉर्डिंगच झालं, कारण एक फोटो काढायलाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि अॅनिमेशन तोवर पुढे निघून गेलेलं असतं. या सगळ्या प्रकारातली खरी किल्ली ही आहे की घड्याळ आपल्या हातात घ्यायचं. एसव्हीजीच्या मूळ एलिमेंटला पॉजअॅनिमेशन्स नावाचं फंक्शन असतं, ते आधी चालवायचं म्हणजे सगळं जागच्या जागी थांबतं. मग सेटकरंटटाइम, त्याला सेकंद द्यायचे, ०.०४ दिलं की आकृती बरोब्बर त्या क्षणाच्या स्थितीत जाऊन उभी राहते. फोटो काढा, निवांत काढा, दोन सेकंद लागले तरी फरक पडत नाही, मग ०.०८, परत फोटो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे, आणि म्हणूनच या पद्धतीवर माझा एवढा जीव आहे. जुन्या लॅपटॉपवर चालवा नाहीतर तगड्या सर्व्हरवर, फ्रेम गळत नाही, वेळ सरकत नाही, हालचाल तीच येते.

सीएसएसमध्ये हलवलेल्या गोष्टींना मात्र सेटकरंटटाइमचा पत्ता नसतो. त्यांच्यासाठी डॉक्युमेंटवरचं गेटअॅनिमेशन्स वापरायचं, ते चालू असलेल्या सगळ्या अॅनिमेशनची यादी देतं, प्रत्येकाला पॉज करायचं आणि त्याचा करंटटाइम भरायचा. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे स्माइलला सेकंद लागतात आणि इकडे मिलिसेकंद. दुसरं म्हणजे ती यादी सुरुवातीलाच एकदा घेऊन ठेवायची, दर फ्रेमला परत मागायची नाही, कारण एकदाच चालून संपलेलं अॅनिमेशन नंतर यादीतून गायब होऊ शकतं. उशिरा सुरू होणाऱ्या गोष्टींची काळजी नको, करंटटाइममध्ये तो डिले धरलेलाच असतो, सगळ्यांना एकच वेळ दिली तरी ज्याने त्याने आपापल्या वेळी सुरुवात केलेली दिसते. आणि क्लिक केल्यावर सुरू होणारं काही असेल तर ते असं वेळ ढकलून सुरू होणार नाही, त्याला बिगिनएलिमेंट म्हणून हाताने चालू करावं लागतं. माझ्या आकृत्यांत स्माइल आणि सीएसएस दोन्ही एकत्र असतात म्हणून स्क्रिप्टमध्ये दोन्हीची सोय कायम ठेवली आहे, वेळ बदलली की ब्राउझरला एक-दोन अॅनिमेशन-फ्रेम थांबू द्यायचं, मग स्क्रीनशॉट.

एसव्हीजी पानात कशी ठेवायची हेही महत्त्वाचं. इमेज टॅगमधून लावली तर बाहेरच्या स्क्रिप्टला तिच्या आत हातच घालता येत नाही, म्हणून तिचा मजकूर थेट एचटीएमएलमध्ये ओतायचा. मग बॉडीचं मार्जिन शून्य करा नाहीतर चारी बाजूंनी ८ पिक्सेलची पांढरी पट्टी येते, आणि एसव्हीजीला डिस्प्ले ब्लॉक द्या नाहीतर खाली एक फट राहते. आत बाहेरचे फोटो जोडलेले असतील तर ते बेस-६४ करून, म्हणजे अक्षरांच्या रूपात बदलून, फाइलमध्येच कोंबा, कोऱ्या पानात मजकूर ओतल्यावर डिस्कवरचे फोटो क्रोम उचलत नाही.

लूपबद्दल थोडं जास्त बोलते कारण इथेच बहुतेक गिफ बिघडतात. निरोगी माणसाचं हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण ७५ ठोके मारतं असं धरलं तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, आणि सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर बरोब्बर २० फ्रेम. शून्यापासून एकोणीसपर्यंत मोजायचं, विसावी काढायची नाही, कारण ०.८ सेकंदाची स्थिती म्हणजे शून्याचीच स्थिती, ती घेतली तर एक फ्रेम दोनदा दिसते आणि ठोका अडखळतो. इंजिनचं आणखी छान आहे. चार स्ट्रोकच्या एका चक्रात क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या मारतो, ७२० अंश, आणि कॅमशाफ्ट एकच. क्रँकची एक फेरी दोन सेकंदांची ठेवली तर पूर्ण चक्र चार सेकंदांचं, १०० फ्रेम. कोणी क्रँकच्या एका फेरीवरच लूप कापला तर झडपा अर्ध्यातूनच उडी मारणार आणि विज्ञानच चुकणार. आकृतीत वेगवेगळ्या गतीच्या गोष्टी असतील तर त्यांच्या कालावधीचा लसावि काढायचा, चार सेकंदांचा पंप आणि दीड सेकंदाचा थेंब असेल तर लूप बारा सेकंदांचा होतो, ३०० फ्रेम, फाइल फुगली. त्यापेक्षा थेंब दोन सेकंदांचा करा, चार सेकंदांत सगळं बसतं आणि बघणाऱ्याला फरक कळतही नाही. शाळेतला लसावि इतका थेट कामाला येतो ही मला फार आवडलेली गोष्ट आहे.

आता तो कापलेला अर्धा मार्क. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं छान चालतं पण हीच स्क्रिप्ट सर्व्हरवर किंवा डॉकरमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त डब्यात) टाकली की दोन गोष्टी आडव्या येतात. एक तर क्रोमला लागणाऱ्या लायब्ररी तिथे नसतात, त्या शोधून टाकाव्या लागतात. आणि दुसरं, मराठी लिहिणाऱ्यांसाठी जास्त मोठं, तिथे देवनागरी फॉन्टच नसतो, सगळ्या लेबलांच्या जागी चौकोन येतात. नोटो फॉन्ट टाकला की चौकोन जातात पण आपण डिझाइन मुक्ता फॉन्टमध्ये केलेलं असेल तर अक्षरांची रुंदी बदलते आणि 'श्वासोच्छ्वास' डब्याच्या बाहेर लोंबायला लागतं. म्हणून मी फॉन्ट बेस-६४ करून एसव्हीजीतच घालते. मुक्ता हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट, मुक्त परवान्याचा, त्यामुळे आत घालायला अडचण नाही. स्क्रिप्टमध्ये डॉक्युमेंटच्या फॉन्ट्सचं रेडी होईपर्यंत थांबायचं आणि मगच पहिली फ्रेम घ्यायची, नाहीतर सुरुवातीच्या फ्रेम एका फॉन्टमध्ये आणि पुढच्या दुसऱ्या, लेबल थरथरल्यासारखं दिसतं. फाइल लहान करायला फॉन्टमधली नको ती अक्षरं काढणार असाल तर फॉन्टटूल्समधलं पायएफटीसबसेट वापरा, जोडाक्षरांचे नियम ते सांभाळून ठेवतं. नुसती मुळाक्षरं मोजून बाकी उडवणारं काही वापरलं तर 'रक्ताभिसरण'चा क्त फुटतो आणि 'वाऱ्याचा'मधला अर्धा र बिघडतो. आणि एसव्हीजीच्या मुळाशी भाषा म्हणून एमआर (mr, म्हणजे मराठी) लिहा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श भरलेला असतो तो मग आपोआप मराठी अक्षर दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, पुस्तकात एक ल आणि पडद्यावर दुसरा ल असं व्हायला नको. रूपांतर करणाऱ्या बाकी टूल्सच्या मानाने ब्राउझर मराठी अक्षरांची जुळणी उत्तम करतो, हाही पपेटियरला भरपूर मार्क द्यायचा एक मुद्दा.

फ्रेम पीएनजीत निघाल्या, आकड्यांना पुढे शून्य लावून, ०००१ अशी नावं द्या म्हणजे क्रम बिघडत नाही. आता गिफ. गिफच्या मर्यादा ठाऊक असल्या की बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग, पारदर्शकता म्हणजे असेल किंवा नसेल, मधलं काही नाही, आणि दोन फ्रेममधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, तोही पूर्णांकात. या शेवटच्या गोष्टीमुळे ३० एफपीएसची (सेकंदाला ३० फ्रेमची) गिफ खरी बनतच नाही, ३.३३ लिहिता येत नाही म्हणून टूल कुठे ३ कुठे ४ असं भरतं आणि फिरणाऱ्या चाकाला बारीक लंगडेपणा येतो. २५ घ्या, बरोब्बर ४. २० घ्या, बरोब्बर ५. अगदी गुळगुळीत हवं तर ५० घ्या, बरोब्बर २, त्याच्या पुढे जाऊ नका कारण १ लिहिलं तर ब्राउझर त्याला १० समजतात आणि वेगवान करायला गेलेली गिफ रांगायला लागते. मी २५ वरच असते.

एफएफएमपेगने सरळ गिफ काढली तर रंग भिकार येतात, कारण ठरलेल्या साधारण रंगांच्या पेटीत ते सगळं बसवतं. त्यासाठी पॅलेटजेन आणि पॅलेटयूज हे दोन फिल्टर आहेत, पहिला आपल्या फ्रेम बघून २५६ रंगांची पेटी बनवतो आणि दुसरा ती वापरतो, दोन्ही एकाच कमांडमध्ये बसतात. लोकांच्या बहुतेक कमांडमध्ये डिदर चालू असतं, म्हणजे नसलेला रंग ठिपक्यांनी भासवायचा. सपाट रंगाच्या आकृतीला ते बंद करा. माझ्या इंजिनमध्ये दहा-बारा रंग आणि त्यांच्या कडांच्या छटा, २५६ मध्ये आरामात मावतं, ठिपक्यांची गरजच काय. शिवाय गिफचं एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन एकसारख्या रंगाच्या लांब पट्ट्या फार चांगल्या दाबतं, ठिपके आले की त्या पट्ट्या तुटतात आणि फाइल वाढते. डिदर बंद केल्यावर आकृती एकदम धुतल्यासारखी स्वच्छ येते आणि फाइलही हलकी. इनपुटला फ्रेमरेट द्यायला विसरू नका, नाही दिला तर ते २५ धरतं, तुम्ही २० ने फ्रेम काढल्या असतील तर हृदय घाईत धडधडेल.

गिफस्कीचा रुबाब वेगळा आहे. ते पीएनजीक्वांट या पीएनजी लहान करणाऱ्या टूलच्या रंग निवडण्याच्या इंजिनावर उभं आहे आणि शेजारच्या फ्रेमची मदत घेऊन एका फ्रेममध्ये २५६ च्या पुढे, हजारो रंगांचा भास आणतं. ग्रेडियंट असेल, सावल्या असतील, पाण्याचा निळा हळूहळू फिका होत जाणार असेल, तर गिफस्कीला तोड नाही, पट्टे दिसत नाहीत. ठिबकच्या आकृतीत मातीतला ओलावा पसरताना दाखवायचा होता तिथे गिफस्कीनेच खरं काम केलं. वापरायलाही सोपं, फ्रेम दिल्या, एफपीएस दिला, क्वालिटी दिली, झालं. क्वालिटी काही न सांगता ९० असते, ७५-८० ला आणली तरी वर्गातल्या प्रोजेक्टरवर फरक दिसत नाही. फाइल मात्र साधारण मोठी येते. त्यामुळे माझा नियम सरळ आहे, सपाट रंग असले की एफएफएमपेग डिदरशिवाय, छटा असल्या की गिफस्की. गिफस्कीचा परवाना एजीपीएल हा मुक्त परवाना आहे, म्हणजे बनवलेल्या गिफ तुमच्याच, पण हे टूल स्वतःच्या बंद अॅपमध्ये घालून विकणार असाल तर आधी परवाना वाचा, व्यावसायिक परवाना वेगळा घ्यावा लागेल.

पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर पपेटियरच्या स्क्रीनशॉटला ऑमिटबॅकग्राउंड नावाचा पर्याय आहे, पीएनजी सुंदर पारदर्शक येतात, पण गिफमध्ये गेल्यावर कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल कुठे पांढरे कुठे गायब आणि गोलाकार कड करवतीसारखी दिसते. यावर जादू काही नाही. स्लाइडचा जो रंग असेल तोच मागे भरून गिफ काढा, एवढंच. ज्यांना खरी पारदर्शकता पाहिजे त्यांनी त्याच फ्रेमपासून वेबपी किंवा एपीएनजी (हलत्या चित्रांचे दुसरे दोन प्रकार) काढावी, दोन्हीत अर्धी-मुर्धी पारदर्शकता नीट साठते. एपीएनजी फायरफॉक्समध्ये २००८ पासून आणि क्रोममध्ये २०१७ पासून चालते, वेबसाइटसाठी मी आता तीच देते, रंगही पूर्ण येतात. व्हॉट्सअॅपचे हलते स्टिकर वेबपीच असतात, ५१२ बाय ५१२, ५०० केबीच्या आत, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, त्यामुळे स्टिकर करायचे असतील तर गिफच्या वाटेने जायचं कारणच नाही, फ्रेम आहेतच, सरळ वेबपी करा.

आणि व्हॉट्सअॅपवर जी गिफ म्हणून दिसते तो खरं तर आवाज नसलेला एमपी४ व्हिडिओ असतो. म्हणजे आपण जीव तोडून २५६ रंगांत बसवायचं आणि पुढे त्याचा परत व्हिडिओ व्हायचा, दुहेरी नुकसान. ग्रुपवर पाठवायचं असेल तर पीएनजी फ्रेमपासून थेट एमपी४ करा, तोच लूप आठ-दहा वेळा फिरवून, म्हणजे ०.८ सेकंदाचा चिमुकला तुकडा जाणार नाही. रुंदी आणि उंची सम आकड्यात ठेवा, ८०१ पिक्सेल दिलं तर एच२६४ चा, म्हणजे एमपी४ मधला व्हिडिओ दाबणारा, एन्कोडर अडून बसतो. पिक्सेल फॉरमॅट ४:२:० वाला द्यावा लागतो नाहीतर अनेक फोनवर व्हिडिओ उघडत नाही, मग वर सांगितलेला लाल रेघेचा प्रश्न इथेही येतो, त्यावर इलाज म्हणजे व्हिडिओसाठी रेघा जरा जाड करून ठेवणं किंवा दुप्पट आकारात काढणं. पपेटियरमध्ये डिव्हाइस-स्केल-फॅक्टर २ दिला की ८०० रुंदीची आकृती १६०० मध्ये येते, परत काही काढावं लागत नाही, वेक्टरचा हाच तर फायदा. गिफला मात्र दुप्पट करू नका, पिक्सेल चौपट होतात, पीपीटीला ९६० रुंदी भरपूर झाली.

गिफची फाइल अजून जड वाटली तर ती लहान करणारं गिफसिकल आहे, ओ३ पर्याय देऊन फिरवलं की थोडी उतरते, लॉसी दिलं तर बरीच उतरते पण सपाट रंगात किडे दिसायला लागतात, जपून. कायम फिरत राहावी का एकदाच चालून थांबावी हेही ठरवता येतं. बी रुजण्यासारख्या आकृतीला शेवट असतो, तिथे एफएफएमपेगला लूप वजा एक दिलं की एकदाच चालते. परत परत चालवायची पण शेवटी जरा थांबवायची असेल तर फायनल-डिले आहे, तोही शंभराव्या भागात, २०० दिले की दोन सेकंद.

वेगाबद्दल तक्रार ऐकू येते की पपेटियर हळू आहे. फोटो काढणं हाच हळू भाग, ते खरंय. पण प्रत्येक फ्रेम दुसरीपासून पूर्ण स्वतंत्र आहे, आपण नुसती वेळ सांगतो आणि स्थिती मिळते, त्यामुळे १०० फ्रेमचं इंजिन चार वेगळ्या क्रोममध्ये पंचवीस-पंचवीस वाटून देता येतं. एकाच क्रोमच्या चार टॅबमध्ये नको, तिथे फोटोसाठी टॅब एकमेकांची वाट बघत बसतात. रेकॉर्डिंगमध्ये ही वाटणी शक्यच नाही.

नोड नको, पायथन हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट घ्या, २०२० पासून आहे, पद्धत अगदी तीच, सेकंद-मिलिसेकंदांचा घोळही तोच. एकच ध्यानात ठेवा, त्याच्या स्क्रीनशॉटला अॅनिमेशन्स डिसेबल्ड असा एक पर्याय आहे, टेस्टिंगवाले तो सर्रास लावतात, आपल्या कामात तो अजिबात लावू नका, संपणारी अॅनिमेशन एकदम शेवटाला जातात आणि न संपणारी सुरुवातीला, म्हणजे सीएसएसचा भाग सगळ्या फ्रेममध्ये एकसारखाच.

राहता राहिल्या जावास्क्रिप्टने हलणाऱ्या आकृत्या, तिथे वरची दोन्ही फंक्शनं पुरी पडत नाहीत. जीसॅप या अॅनिमेशनच्या लायब्ररीत केलेलं असेल तर काम सोपं, त्याची टाइमलाइन पॉज करून हव्या त्या सेकंदाला नेता येते. डी३ (आलेख काढायची लायब्ररी) वगैरे असेल तर तशी सोय नाही, तिथे टाइमस्नॅप नावाचं पॅकेज वापरा, ते पपेटियरवरच चालतं आणि पानाला डेट, परफॉर्मन्स-नाऊ आणि रिक्वेस्ट-अॅनिमेशन-फ्रेम यांची वेळ आपल्या हिशोबाने देतं. सीएसएसवाला भाग त्याच्यावर सोपवू नका, तो आपल्या स्क्रिप्टनेच करा.